नवीन फोन न घेता ओपन सोर्स फोन कसा मिळवायचा

ओपन सोर्स फोन (ज्याच्या सिस्टीमचा कोड सगळ्यांना खुला असतो) पाहिजे म्हटलं की लोक आधी प्युरिझम कंपनीचा लिब्रेम 5 बघतात आणि किंमत बघून गप्प बसतात. खरं तर सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे घरात पडून असलेला जुना फोन नाहीतर टॅबलेट, त्यावरची सिस्टीम फक्त बदलायची.

पण थेट डाऊनलोडला हात घालू नका. अबाऊट फोनमध्ये जाऊन मॉडेल नंबर बघा आणि तो लिनेजओएसच्या विकीवर शोधा (लिनेजओएस म्हणजे ॲन्ड्रॉइडवरच बेतलेली ओपन सोर्स सिस्टीम, तशीच आधीची सायनोजेनमॉड बंद पडल्यावर 2016च्या शेवटी सुरू झालेली). एकाच नावाने विकलेल्या फोनमध्ये आत वेगवेगळ्या चिप असतात, त्यामुळे नुसतं नाव जुळून भागत नाही, चुकीची फाईल टाकली की फोनची वीट होते, म्हणजे तो चालूच होत नाही.

मग बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा, तिथे ओईएम अनलॉकिंग (दुसरी सिस्टीम टाकायची परवानगी देणारं बटण) चालू होतंय का बघा. ते दाबलंच जात नसेल तर कंपनीने किंवा ऑपरेटरने बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टीम सुरू करणारा प्रोग्रॅम) लॉक ठेवला असण्याची शक्यता असते, म्हणून सेकंडहँड घेताना पैसे द्यायच्या आधी हे बघायचंच. आणि अनलॉक केलं की फोनमधलं सगळं पुसलं जातं, फोटोबिटो आधीच काढून ठेवा.

पुढचं काम कॉम्प्युटरवरून: केबल लावून फास्टबूट या कमांडने रिकव्हरी (सिस्टीम बसवायला लागणारा छोटा प्रोग्रॅम) टाकायची, डेटा फॉरमॅट करायचा आणि मग एडीबी साईडलोड या कमांडने नव्या सिस्टीमची झिप फाईल पाठवायची. इथे कधीकधी आकडा 47 टक्क्यांवर अडकतो आणि खाली ‘फेल्ड’ आणि ‘सक्सेस’ एकाच ओळीत येतं, ते बघून घाबरून केबल उपटू नका, बहुतेक वेळा काम झालेलं असतं, फोनच्या स्क्रीनवर काय म्हणतोय ते बघा. गुगल ॲप्स हवेच असतील तर पहिल्यांदा फोन चालू करायच्या आधी टाका, नंतर टाकले की डोक्याला ताप.

माझं मत विचाराल तर गुगल नकोच, एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स ॲप्सच्या स्टोअरवर रोजचं बरंचसं मिळतं. फक्त बँकेची ॲप्स कटकट करतात, काही चालतात काही नाही, तेव्हा एकुलत्या एका फोनवर हा प्रयोग करू नका. नोटिफिकेशनसाठी मायक्रोजी (गुगलच्या सेवांना ओपन सोर्स पर्याय) लागणार असेल तर ते ई-ओएस या अशाच दुसऱ्या सिस्टीममध्ये आधीपासूनच येतं. ग्राफीनओएस ही आणखी एक सिस्टीम सुरक्षेला भारी आहे, पण ती गुगलच्या पिक्सेल फोनवरच चालते.

ॲन्ड्रॉइडच नको असेल तर अल्पाइन लिनक्सवरचं पोस्टमार्केटओएस आहे, पण कॉल आणि कॅमेरा तुमच्या मॉडेलवर चालतो का ते त्यांच्या विकीवर आधी वाचा, बऱ्याच फोनवर नाही चालत. वेगळा फोन घ्यायचाच असेल तर लिनक्ससाठी बनवलेला पाइनफोन आहे, तो जरा स्लो आहे, पण मागचं कव्हर काढलं की मोडेम, वायफाय, माइक, कॅमेरे बंद करायला बारीक खरीखुरी बटणं आहेत, आणि एसडी कार्डवरून सिस्टीम चालते, म्हणजे आज एक कार्ड, उद्या दुसरं, आतलं काही पुसायला नको.