टेक्निकल रायटरने यूएक्स प्रोजेक्ट करायचं तर सुरुवात स्वतःच्या टिपांपासून करा

यूएक्समध्ये, म्हणजे ॲप किंवा सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला सोपं जावं असं घडवण्याच्या कामात, जायचंय पण प्रोजेक्टच नाही, असं म्हणणारे टेक्निकल रायटर खूप भेटतात, आणि मग ते एखादं काल्पनिक फूड डिलिव्हरी ॲप रिडिझाइन करत बसतात, जे पोर्टफोलिओ बघणाऱ्याने आधीच शंभरदा बघितलेलं असतं. अहो, तुमच्याकडे खरं प्रोजेक्ट पडलेलं आहे. मॅन्युअल उघडा आणि 'टीप', 'महत्त्वाचे', 'लक्षात ठेवा' हे शब्द सर्च करा. जिथे जिथे टीप टाकावी लागली तिथे बहुतेक वेळा स्क्रीनच गंडलेली असते, आपण फक्त त्यावर शब्दांचं ठिगळ लावलेलं असतं.

माझंच सांगतो. एका बिलिंग सॉफ्टवेअरचं मॅन्युअल माझ्याकडे होतं. त्यात 'आर्काइव्ह' बटणाखाली टीप होती की आर्काइव्ह केलेलं बिल डिलीट होत नाही, वर्षाच्या रिपोर्टमध्ये राहतं, पण महिन्याच्या रिपोर्टमधून जातं, आणि परत आणायचं असेल तर सेटिंग्जमध्ये जा. चार रिलीजमध्ये ती टीप मी चारदा वाढवली, एकदाही विचारलं नाही की ही लागतेच कशाला.

तर पहिलं काम, एक शीट करा. टीप कुठली, कुठल्या स्क्रीनची, त्यावर सपोर्टला किती तिकिटं आली, आणि हेल्पच्या सर्चमध्ये लोक कुठले शब्द टाकतात ज्याला रिझल्टच येत नाही. हा शेवटचा कॉलम म्हणजे सोनं आहे, कारण तिथे लोकांची स्वतःची भाषा सापडते. माझ्याकडे लोक 'बिल लपवणे' शोधत होते आणि आमच्या अख्ख्या मॅन्युअलमध्ये 'लपवणे' हा शब्द नव्हता. यातली एकच टीप निवडा. एकच. दहा घेतल्या तर एकही पुरी होत नाही.

मग प्रश्न ठरवा. 'यूजरला हे फीचर आवडतं का' हा प्रश्न टाकून द्या, लोक तोंडावर चांगलंच बोलतात. माझा प्रश्न होता, 'आर्काइव्ह दाबायच्या आधी माणसाला काय होईल असं वाटतं?'

आता टेस्ट, म्हणजे खऱ्या यूजरला स्क्रीनवर एक काम करायला देऊन शेजारी बसून बघायचं. किती लोक हा प्रश्न सगळ्यांना पडतो. नील्सन आणि लँडॉवर या संशोधकांनी १९९३ मध्ये जे गणित मांडलं त्यात एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी दाखवतो, त्या हिशोबाने ५ जणांत साधारण ८५ टक्के सापडतात. पण हे एकाच प्रकारच्या यूजरसाठी आहे आणि ३१ ही सरासरी आहे, क्वचित येणारी अडचण ५ जणांत दिसणारच नाही असंही होतं. म्हणून ५ जण घ्या, दुरुस्त करा, परत ५ घ्या. रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी परवानगी, आणि स्क्रीनवर खऱ्या ग्राहकांचा डेटा नको, डमी भरा.

टास्क लिहिताना आपण रायटर लोक हमखास फसतो. 'हे बिल आर्काइव्ह करा' असं लिहिलं की संपलं, तुम्ही उत्तरच सांगितलं, तो माणूस फक्त शब्द जुळवून बटण दाबणार. मी असं लिहिलं: 'हा ग्राहक आता तुम्हाला काम देत नाही. त्याची जुनी बिलं रोजच्या यादीत नकोत, पण हिशोबाला लागतील. काय कराल?' स्क्रीनवरचा एकही शब्द टास्कमध्ये नको, दोनदा तपासा.

आणि टेस्ट चालू असताना गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड, कारण आपला धंदाच समजावून सांगायचा. बसणाऱ्याला म्हणायचं की मनात जे येतंय ते बोलत रहा, आणि त्याने 'हे दाबू का?' विचारलं की 'तुम्हाला काय वाटतं?' एवढंच. माझ्या तिसऱ्या टेस्टमध्ये अकाउंट्स बघणाऱ्या एक ताई होत्या, त्यांचा कर्सर आर्काइव्हवर गेला, थांबला, बाजूला झाला, परत आला, आणि त्या हळूच म्हणाल्या, 'याच्यात गेलं की संपलं ना?' माझ्या जिभेवर अख्खी टीप आली होती. बोललो असतो तर ते वाक्य तिथेच मेलं असतं.

नोट्समध्ये 'गोंधळली' असं लिहू नका, तो तुमचा अंदाज झाला. 'मेनू तीनदा उघडला आणि बंद केला' असं लिहा. अर्थ नंतर, वेगळ्या कॉलममध्ये.

स्क्रीन वापरायला किती सोपी याचा स्कोअर हवाच असेल तर एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) वापरा, जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये केलेली १० वाक्यांची प्रश्नावली, उत्तरं १ ते ५. विषम वाक्यांच्या उत्तरातून १ वजा, सम वाक्यांचं उत्तर ५ मधून वजा, सगळ्याची बेरीज गुणिले २.५. येतो ० ते १०० मधला आकडा, पण तो टक्केवारी नाही, सरासरी ६८ च्या आसपास धरतात. ५ जणांच्या स्कोअरवर मीटिंगमध्ये फुशारकी मारू नका.

तुमची अडचण हेल्पच्या मेनूची असेल, म्हणजे लोकांना पानच सापडत नाही, तर कार्ड सॉर्टिंग करा. ३०-४० विषय चिठ्ठ्यांवर लिहा, लोकांना गठ्ठे करायला सांगा, गठ्ठ्यांना नावंही त्यांनीच द्यायची. याला मात्र ५ जण पुरत नाहीत, १५ तरी हवेत.

डिझाइनला आलात की फिग्मा हे स्क्रीन काढायचं सॉफ्टवेअर शिकण्यात सहा महिने घालवू नका, आयत आणि अक्षरं टाकता आली की पुरे, कागदही चालतो. आधी शब्द बदला. मी 'आर्काइव्ह'चं 'यादीतून लपवा' केलं आणि दाबल्यावर मेसेज ठेवला: '१२ बिलं लपवली. परत आणा'. पण महिन्याच्या रिपोर्टमधून बिल जातं त्याचं काय? ते कुठल्याही लेबलने सुटत नव्हतं. मी आधी मेसेजमध्ये एक ओळ वाढवून बघितली आणि लक्षात आलं, अरे, ही तर परत टीपच झाली. शेवटी डेव्हलपरला ताईंच्या टेस्टची ४० सेकंदांची क्लिप दाखवली, तेव्हा कुठे लपवलेली बिलं दोन्ही रिपोर्टमध्ये ठेवायचं ठरलं. टेस्टवर मी लिहिलेल्या अहवालाची १२ पानं कोणी वाचली नव्हती, क्लिप सगळ्यांनी बघितली.

केस स्टडी लिहिताना कंपनीचं नाव आणि स्क्रीनशॉट वापरता येतात का ते आधी विचारा, नसतील तर स्क्रीन नव्याने काढा. जुनी टीप जशीच्या तशी वर टाका, लोकांची दोन-तीन वाक्यं टाका, आणि दुसऱ्या फेरीत काय फसलं तेही. माझ्या दुसऱ्या ५ जणांतल्या चौघांना जमलं, पाचव्याने बिलं लपवली, चष्मा नीट केला, तेवढ्यात मेसेज गेला आणि 'परत आणा' त्याला सापडलंच नाही. मेसेज ५ सेकंदच राहत होता. आता तो स्वतः बंद करेपर्यंत राहतो, आणि मॅन्युअलमधली टीप काढून टाकलीय.