पार्लरचा कोर्स लावलाय ना? मग या चुका टाळा

इंदूरला मुलींना पार्लरचं काम शिकवतेय बरीच वर्षं, बॅच बदलते पण चुका त्याच. पहिल्या आठवड्यात कुणीतरी विचारतेच, "दीदी, ब्राइडल कब सिखाओगे?" अगं अजून तुला केसांचे चार सेक्शन सरळ पाडता येत नाहीत, टेल कोंबची शेपटी डोक्यात रुततेय समोरच्या बाईच्या, आणि तुला ब्राइडल हवंय. दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे "चल जाएगा दीदी". वॅक्स जरा जास्त गरम आहे, चल जाएगा. टॉवेल कालचाच आहे, चल जाएगा. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण मीपण एकेकाळी हेच म्हणायचे आणि त्याचं काय झालं ते आधी सांगते.

मेंदीबद्दल नीट न विचारणं

कोर्सला मला जेमतेम चार महिने झाले होते. रामबागेत आमच्या शेजारी एक काकू राहायच्या, त्यांच्या भाच्याची मुंज दहा दिवसांवर आलेली आणि त्यांना हायलाइट्स करून हवे होते, आणि मला काय, फुकट डोकं मिळत होतं प्रॅक्टिसला! मी विचारलं, काकू मेंदी लावता का? म्हणाल्या, छे, मेंदी कुठली, मला तो लाल रंग आवडतच नाही. संपलं. मी ब्लीच पावडर कालवली, २० व्हॉल्यूमचं डेव्हलपर (ब्लीचमध्ये कालवायचं पेरॉक्साइड) संपलं होतं म्हणून ४० घेतलं (चल जाएगा!) आणि फॉइल लावायला बसले.

पाचेक मिनिटांत काकू म्हणाल्या, अगं डोकं गरम लागतंय. मला वाटलं मे महिना आहे, लागणारच. मग एका फॉइलला हात लावला तर चहाच्या कपासारखं गरम, आणि उघडलं तर आतून वाफ आणि असा काही वास की अजून नाकात आहे. तशीच त्यांना मोरीत नेली आणि बादलीभर पाणी ओतलं डोक्यावर. टाळू वाचली, नशीब. पण डाव्या बाजूचे केस ओले असताना रबरासारखे ताणले जात होते आणि मग तुटत होते, माझ्या हातात येत होते. मुंजीला काकू खांद्यापर्यंत कापलेले केस घेऊन गेल्या आणि सगळ्या नातेवाइकांनी विचारलं, अगं हे काय! माझ्या आईने मला चिवड्याचा डबा देऊन माफी मागायला पाठवलं.

नंतर कळलं काय ते. काकू पाकिटातली "काली मेहंदी" लावायच्या, दर महिन्याला, आणि ती रात्रभर लोखंडी कढईत भिजवायच्या म्हणजे रंग गडद येतो. त्यांच्या हिशोबाने ती मेंदी नव्हतीच, कारण लाल होत नव्हती. आता यात गंमत अशी आहे की केसात लोखंडाचे किंवा दुसऱ्या धातूचे क्षार बसलेले असले (काही पाकिटांत ते आधीच घातलेले असतात) आणि त्यावर पेरॉक्साइड आलं, की पेरॉक्साइड भराभर फुटतं, ऑक्सिजन सुटतो आणि उष्णता निघते. बारा टक्क्यांचं असेल तर विचारूच नका. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२, हे मला तेव्हाही पाठ होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, बाटली उचलताना आठवलं नाही एवढंच.

तेव्हापासून मी "मेंदी लावता का" असं विचारतच नाही. मी विचारते, डोक्याला शेवटचं काय लावलं, कधी, आणि कशात भिजवलं? कढई म्हटलं की मी ब्लीचचा डबा परत कपाटात ठेवते. आणि मागच्या महिन्याचं विचारून भागत नाही, केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे एक फुटाच्या केसाच्या टोकाला दोन वर्षांपूर्वीचा उद्योग चिकटलेला असतो, त्यामुळे दोन-दोन वर्षं मागे जाऊन विचारायचं. बायका वैतागतात, वैतागू दे.

तरी शंका असेल तर मागून, मानेजवळून चार केस कापायचे, जे मिश्रण लावणार आहात तेच काचेच्या वाटीत घ्यायचं, त्यात ते केस बुडवून अर्धा तास ठेवायचे. मी अधूनमधून वाटीला हात लावून बघते. वाटी गरम झाली, बुडबुडे आले, वास आला, रंग विचित्र झाला, तर कस्टमरला चहा पाजायचा आणि घरी पाठवायचं. साध्या शुद्ध मेंदीने असं पेटत नाही, पण तिच्यावर ब्लीच केलं की केशरी रंगात येऊन अडकतं आणि पुढे सरकत नाही, आणि मग मुली त्याच्यावर जांभळा शॅम्पू चोपडतात. जांभळा पिवळ्याला मारतो बाई, केशरीला निळा लागतो, कलर व्हील काय भिंतीवर शोभेला लावलंय का?

पॅच टेस्ट टाळणं हा याचाच धाकटा भाऊ. कानामागे किंवा कोपराच्या आत थोडासा रंग, ४८ तास, बस. बहुतेक काळ्या डायमध्ये आणि काळ्या मेंदीतही पीपीडी (केस काळे करणारं रसायन) असतं आणि ज्याला ते सोसत नाही त्याचं तोंड सुजून डोळे बंद होतात, "दहा वर्षं हाच डाय लावतोय" म्हणणाऱ्याचंसुद्धा, कारण ॲलर्जी अकराव्या वर्षीही सुरू होऊ शकते.

थ्रेडिंगला घाई

थ्रेडिंग शिकायला सोपं दिसतं म्हणून सगळ्याजणी तीन दिवसांत मैत्रिणीच्या भुवयांवर चढतात आणि मग ती मैत्रीण महिनाभर पेन्सिल लावून कॉलेजला जाते. माझ्याकडे नियम आहे की पहिले पंधरा दिवस स्वतःच्या पायाच्या केसांवर. रोज. मांडी घालून बसायचं, गुडघ्याखाली दोरा चालवायचा, एक केस धरला तर एकच निघाला पाहिजे, कातडी चिमटली की परत पहिल्यापासून. मुलींना हे फार बोअर होतं, दोन-तीन जणी दर बॅचला याच्यावरूनच सोडून जातात, रीलवाल्या क्लासला, जिथे पाचव्या दिवशी सर्टिफिकेटसोबत फोटो काढतात. जाऊ दे.

खरी गडबड होते ती दोन्ही भुवया सारख्या करण्यात. इकडून एक काढला, मग तिकडून एक, मग परत इकडून, मांजराच्या लोण्याच्या गोष्टीसारखं, शेवटी दोन्हीकडे दोरीएवढी रेघ उरते. आधी पांढऱ्या पेन्सिलने खुणा करा. नाकपुडीच्या कडेपासून सरळ वर जिथे रेघ जाते तिथे भुवई सुरू, नाकपुडीपासून बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून तिरकी जाते तिथे कमान, आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून जाते तिथे शेपूट. मग खुणेबाहेरचं तेवढंच काढायचं. एका बाजूला चार केस काढले की हात थांबवा, कस्टमरला सरळ बसवा, आरशात तिलाच बघू द्या. आडवी झोपलेल्या बाईच्या भुवया वेगळ्या दिसतात आणि बसलेलीच्या वेगळ्या. आणि कातडी तिने दोन्ही हातांनी ताणून धरलीच पाहिजे, "तुम्ही आराम करा" असं लाडाने म्हणू नका, कापेल.

वॅक्स लावण्याआधी चेहऱ्याला काय लावता ते विचारा. पिंपल्ससाठी रेटिनॉलची क्रीम, आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ती "गोरं होण्याची" ट्यूब, जिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, यातलं काहीही चालू असेल तर कातडी पातळ किंवा नाजूक झालेली असते आणि वॅक्सच्या पट्टीबरोबर तीपण येते. मी सरळ नाही म्हणते, पैसे गेले तर गेले. ट्यूबचं बायका लपवतात, म्हणून मी "नाइट क्रीम कुठली?" असं सहज विचारते, तेव्हा पर्समधून निघते.

बाकीचं पटापट.

वॅक्स केसांच्या दिशेने लावायचं, उलट्या दिशेने ओढायचं, आणि कातडीला लगटून ओढायचं, वर उचलून नाही. उष्णता स्वतःच्या मनगटावर बघायची. एकदा अंगाला लावलेला स्पॅट्युला परत डब्यात बुडवायचा नाही, मी बघितलं तर अख्खा डबा फेकायला लावते आणि पैसे तुमच्या फीमध्ये लावते.

निळा दिवा लागणारा डबा म्हणजे सगळं स्टरलाइज झालं असं नाही. फार तर जिथे उजेड पडतो तिथले काही जंतू मरतात, आणि केसाळ कंगवा तसाच कोंबला तर तेही नाही. आधी साबणाने धुवा, मग जंतुनाशकात लेबलवर लिहिलंय तेवढा वेळ पूर्ण बुडवा.

फाउंडेशन हातावर मॅच करू नका, जबड्यावर करा आणि दारात उजेडात येऊन बघा, ट्यूबलाइटखाली सगळं गोरंच दिसतं.

पहिल्याच महिन्यात राजवाड्याजवळच्या गल्ल्यांत जाऊन भलीमोठी किट घेऊ नका, अर्धं तसंच वाळून जातं. डब्यावर उघड्या झाकणाचं चित्र असतं आणि त्यात ६ एम, १२ एम लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून तेवढे महिने. ते कुणी वाचतच नाही.

थिअरीला झोपू नका. आयटीआयला कॉस्मेटोलॉजीचा वर्षाचा ट्रेड करा नाहीतर प्रायव्हेट क्लास, पेपरात कातडीचे थर विचारणारच, आणि केस ॲनाजेन, कॅटाजेन, टेलोजेन (वाढ, थांबणं, विश्रांती) अशा फेऱ्यांत वाढतो आणि सगळे केस एकाच फेरीत नसतात हे माहीत नसेल तर वॅक्सनंतर आठवड्यातच परत केस का आले, हे कस्टमरला काय सांगणार आहात तुम्ही?

आणि एक खास इंदूरसाठी. रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) झाली की दुसऱ्या दिवशी सगळ्या रंग काढायला पार्लरात येतात, आणि नवीन पोरी खूश होऊन लगेच ब्लीच, स्क्रब, फेशियल सगळं सुरू करतात त्या सोललेल्या लाल चेहऱ्यावर. कातडी आधीच चिडलेली आहे. खोबरेल तेल, साधं क्लीन्झिंग, आणि आठवड्याने या. गेल्या गेरनंतर माझ्याकडे त्याच काकू आल्या होत्या, रंग पार भांगात शिरलेला, केस आता छान पांढरे. म्हटलं, काकू, धुऊन देते फक्त. म्हणाल्या, भुवया कर, आणि केसांना हात लावलास तर बघ.