भर उन्हात फ्लॅश कशाला लागतो भो? (पोर्ट्रेट शिकणाऱ्या नवीन पोरांसाठी)

आमच्या जळगाव-धुळ्याकडे लग्नाचं काम सुरू केलेली बरीच पोरं महागाचा फ्लॅश घेतात, कॅमेऱ्यावर चढवतात, टीटीएलवर (म्हणजे कॅमेराच फ्लॅशची पॉवर ठरवतो तो ऑटो मोड) टाकून सरळ नवरीच्या तोंडावर मारतात आणि मग म्हणतात चेहरा सपाट येतो. माझं तर मत असं की फ्लॅशची खरी गरज अंधारापेक्षा आपल्या उन्हात जास्त आहे.

धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावर प्री-वेडिंग धरा. सकाळचे अकरा वाजले, ऊन डोक्यावर, डोळ्यांखाली काळे खड्डे. जोडीला उन्हाकडे पाठ करून उभं करा, चेहरे सावलीत जातात आणि ते उजळायलाच फ्लॅश लागतो. आता आयएसओ १०० आणि एफ २.८ ठेवलं तर शटर साधारण १/३२०० लागतं, पण बहुतेक कॅमेऱ्यांचा सिंक स्पीड (म्हणजे फ्लॅशसोबत चालणारं सगळ्यात वेगवान शटर) १/२०० नाहीतर १/२५० च्या आसपास. त्याच्या वर गेलं की शटर एका वेळी पूर्ण उघडत नाही, नुसती फट सेन्सरवरून सरकते, म्हणून फोटोत काळा पट्टा दिसतो. इथे हाय स्पीड सिंक म्हणजे एचएसएस चालू करायचं, फ्लॅश एकदाच न उडता भराभर बारीक बारीक उडत राहतो आणि पट्टा जातो. पॉवर मात्र बरीच पडते, म्हणून ट्रिगर (बिनवायरीने फ्लॅश उडवणारा) लावून फ्लॅश स्टँडवर घ्या आणि फ्रेमच्या अगदी कडेला तीन-चार फुटांवर आणा. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट, फुकटात!

मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा एचएसएसवर फुल पॉवरला सटासट मारू नका, फ्लॅश तापून थांबतो आणि नवरदेवाचे मामा लगेच विचारतात, "काय भो, बंद पडला का?" मी तर चार स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळपट काच, लेन्सला लावून १/२०० वरच काम भागवतो, फक्त फोकस फिल्टर लावायच्या आधी नीट करून घ्यायचा.

टीटीएलचं एक, पांढरे फेटे फ्रेममध्ये जास्त आले की ते फसतं आणि चेहरे काळे पडतात, तेव्हा फ्लॅश कॉम्पेन्सेशन (फ्लॅशचा उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) +१ करा, नाहीतर सरळ मॅन्युअल.

आणि मांडवात लाल-पिवळं कापड असेल तर फ्लॅश वर कापडावर मारून बाउन्स करू नका, हळदीच्या आधीच सगळे पिवळे दिसतील. पिवळ्या हॅलोजनच्या उजेडात फ्लॅशला नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावा आणि व्हाइट बॅलन्स ३२०० केल्व्हिनच्या आसपास ठेवा, म्हणजे चेहरा आणि मागचा मांडव दोन्ही जुळतात.