झिंकच्या पोत्यात पाणी किती?

मृग तोंडावर आला की कृषी केंद्रात झिंक सल्फेटची, म्हणजे जस्ताच्या खताची, दोन पोती समोर येतात. एकावर जस्त २१ टक्के, दुसऱ्यावर ३३. २१ वालं भेसळीचं, असं पारावर ठासून सांगणारे कास्तकार भेटतील. तसं काही नाही. दोन्ही माल खरेच, फरक आतल्या पाण्याचा.

२१ टक्क्यांच्या खड्यात झिंक सल्फेटच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे ७ रेणू अडकून बसलेले असतात, ३३ वाल्यात एकच. याला स्फटिकजल म्हणतात. हाताला ओल लागत नाही, पण काट्यावर भरतं: सात पाण्याच्या शुद्ध खड्यात किलोमागे सुमारे ४४० ग्रॅम पाणीच. म्हणून नुसता पोत्याचा भाव पाहू नका. किलोच्या भावाला जस्ताच्या टक्क्याने भागा, आकडा लहान येईल ते पोतं स्वस्त. मात्राही तशीच बदलते. २१ वालं एकरी १० किलो लागत असेल, तर ३३ वालं साडेसहा किलो पुरतं. तेही माती परीक्षणात जस्त कमी निघालं तरच. आणि डीएपी खतात कालवून पेरू नका, त्यातल्या स्फुरदाशी (फॉस्फरसशी) जस्त बांधलं जातं.

मागच्या हंगामातलं पोतं टिनाच्या शेडात पडलंय? सात पाण्याचं झिंक ३९ अंशांपुढे एक पाणी सोडू लागतं, आपला मे तर ४५ च्या घरात. पाणी पोत्यातच राहिलं तर ढेकळं होतात, ती फोडून वापरा. पोतं उघडं असेल तर पाणी उडून खडे पांढुरके, भुसभुशीत होतात. अशा मालात किलोमागे जस्त वाढलेलं असतं, फवारणीचं माप थोडं आखडतं घ्या. हिराकसाची (फेरस सल्फेट, लोहाचं खत) गोष्ट वेगळी. हिरवट खडा पांढरा पडला तर पाणी गेलं एवढंच, पण तपकिरी झाला तर त्यातलं लोह गंजलं. तो फवारू नका.

पऱ्हाटीवरच्या (कपाशीवरच्या) लाल्यासाठी, म्हणजे पानं लाल पडतात त्यासाठी, मॅग्नेशियम सल्फेट आणाल, त्यात तर निम्मं पाणीच. तरी १ टक्का फवारणी, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम, हे माप त्या खड्याचंच आहे, वाढवायचं नाही.

संत्र्यावरच्या बोर्डो मिश्रणातही (बुरशीनाशक) तेच: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मोरचुदातलं ३६ टक्के पाणी या मापात धरलेलंच आहे. भांडं प्लास्टिकचं घ्या. तयार मिश्रणात विळा बुडवा, पात्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी टाका.