नागपुरात मोर्चा काढताना: परवानगी आणि पोलिसांची पकड

हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमहून निघालेला मोर्चा विधानभवनाच्या आधीच बॅरिकेडवर अडतो, हे धरूनच चाला. परवानगीसाठी पोलिसांकडे अर्ज दोन प्रतींत करा: मार्ग, वेळ, अंदाजे संख्या, भोंगा लागणार का, जबाबदार व्यक्तींचे मोबाइल. एका प्रतीवर पोहोच घ्याच. तोंडी ‘हो’ म्हणजे काहीच नाही; नकारही लेखी मागा.

राज्यघटनेचं कलम १९ शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क देतं, पण वाजवी निर्बंधांसह. जमावबंदीचा आदेश (पूर्वीचं १४४, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १६३) असेल तर त्याची तारीख आणि हद्द वाचा. बरेचजण इथंच फसतात.

गाडीत बसवलं तर एकच विचारा: ताब्यात की अटक? अटक असेल तर कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं आणि प्रवास वगळून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नेणं बंधनकारक. सूर्यास्तानंतर महिलेला अटक अपवादानंच, तीही महिला अधिकाऱ्याकडून, दंडाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीनं. लाठी लागली असेल तर वैद्यकीय तपासणीत प्रत्येक वळ नोंदवून घ्या. धक्काबुक्की मात्र नको. एक दगड पडला की जमाव बेकायदेशीर ठरवायला निमित्त मिळतं.