कोल्हापुरी चप्पल आणि हुपरीची (कोल्हापूर जिल्ह्यातलं चांदीकामाचं गाव) चांदी: फोटो काढण्याआधीची तयारी

ऑनलाइन विकलेली चप्पल 'फोटोत वेगळा रंग होता' म्हणून परत येते, तेव्हा दोष बहुतेक वेळा उजेडाचा असतो. म्हणून आधी खोली अंधारी करा. खिडकीचा उजेड साधारण ५५०० केल्विन (उजेडाचा रंग मोजायचं एकक, आकडा मोठा तितका उजेड निळसर), पिवळा बल्ब २७००च्या आसपास. दोन्ही एकदम पडले की चपलेची एक बाजू निळसर, दुसरी केशरी होते आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवायची कॅमेऱ्यातली सेटिंग) कितीही फिरवला तरी दोन्ही बाजू एकत्र सुधारत नाहीत. पडदे ओढून, फोटोसाठीचा लाइट बंद ठेवून, खाली दिलेल्या सेटिंगवर एक फोटो काढा. तो काळाकुट्ट आला पाहिजे, म्हणजे बाहेरचा उजेड शिरत नाही. भिंत गुलाबी असेल तर तिच्यासमोर थर्माकोल उभा करा, अंगातही भडक शर्ट नको.

सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, जास्तीत जास्त १००) ९५च्या वरचा एकच एलईडी पुरतो. तो बाजूने, जरा खालून तिरका लावा म्हणजे वेणी आणि टाके उठून दिसतात. लाइट आणि चपलेच्या मध्ये बटर पेपर, लाइटच्या समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल. चपलेला तेल आदल्या रात्रीच लावा. ताज्या तेलाने चामडं गडद दिसतं आणि चमकेचे ठिपके येतात. जोडीतल्या दोन्ही पायांची छटा जुळते का ते बघा, पट्ट्याखाली कागदाचा बोळा घाला, गोंडा सरळ करा.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर अजिबात ठेवू नका. चौकटभर तपकिरी चामडं दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच तांबूस आहे, मग तो रंग थंड करतो आणि चप्पल निर्जीव दिसते. चपलेच्या जागी १८ टक्के ग्रे कार्ड (रंग जुळवायचं ठरावीक करड्या रंगाचं कार्ड) ठेवून कस्टम बॅलन्स घ्या. झेरॉक्सचा पांढरा कागद त्यासाठी चालत नाही. त्यातल्या निळसर चमकेमुळे फोटो पिवळट होतो. बटर पेपर बदलला तरी बॅलन्स पुन्हा घ्यायचा.

ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, छिद्र एफ/८ ते एफ/११, दोन सेकंदांचा टायमर, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडीवर पट्टे दिसले तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. पांढऱ्या पार्श्वभूमीला कॅमेरा करडी करतो, म्हणून एक्स्पोजर हाताने एक स्टॉपभर (म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा. मोबाइल असेल तर प्रो मोडमध्ये केल्विनचा आकडा पक्का करा आणि वाइड लेन्स टाळा, चपलेचं टोक फुगतं.

चांदीचं गणित वेगळं. पैंजण समोरचं सगळं दाखवतं, तुमचा चेहरासुद्धा. चारी बाजूंनी बटर पेपर लावून लेन्सपुरती फट ठेवा. पण नुसत्या पांढऱ्यात चांदी सपाट दिसते, म्हणून कडेला काळ्या कार्डाच्या बोटभर पट्ट्या उभ्या करून कडा काढा. सुती हातमोजे घाला. पावसाळ्यात चांदी लवकर काळवंडते, तेव्हा पॉलिश शूटच्या दिवशीच करा आणि तोवर नग झिप पिशवीत बंद ठेवा.