व्हिटॅमिन डी कमी निघालंय? मग आधी सकाळी सातचं ऊन सोडा

आमच्या सासूबाई रोज साडेसातला चहा घेऊन गॅलरीत बसायच्या, काच ओढून, कारण कबुतरं. तरी रिपोर्टमध्ये डी आलं ९. "अगं मी तर रोज ऊन खाते!" खाता हो, पण चुकीचं. त्वचेत डी बनवतात ते यूव्हीबी किरण कोवळ्या तिरप्या उन्हात जवळपास नसतातच, आणि जे असतात ते काच अडवते.

आधी लक्षणं बघा. मांडी घालून बसल्यावर उठताना हात टेकावा लागतो का, जिना चढताना मांड्या भरून येतात का, नडगीवर अंगठा दाबला की कळ येते का. सगळ्यांनाच होतं असं नाही, पण होत असेल तर वय झालं म्हणून सोडू नका. टेस्टचं नाव २५ हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, उपाशीपोटी जायची गरज नाही. २० नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे कमी, २० ते ३० काठावर. मात्र युनिट नीट वाचा, काही रिपोर्ट नॅनोमोलमध्ये असतात, तो आकडा अडीचपट दिसतो आणि आपण उगाच खूश होतो.

आता हाडांचा काय संबंध? डी नसेल तर खाल्लेल्या कॅल्शियममधलं १०-१५ टक्केच अंगाला लागतं, पुरेसं असेल तर ३०-४०. रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं शरीराला परवडत नाही, मग पॅराथायरॉइड ग्रंथी ते हाडांतून काढायला लावते. लहान मुलांना याने मुडदूस होतो, पाय धनुष्यासारखे वाकतात, आणि मोठ्यांची हाडं आतून मऊ पडतात आणि ठणकतात.

ऊन घ्यायचं तर ११ ते २ मधलं. सोपी खूण म्हणजे आपली सावली आपल्यापेक्षा आखूड हवी. हात-पाय उघडे ठेवून १५-२० मिनिटं, सावळ्या रंगाला जरा जास्तच लागतं, पण कातडी भाजेपर्यंत नको. पावसाळ्यात ढग असले की फार आशा ठेवू नका.

डॉक्टर डीची पावडर लिहून देतात, त्या पाकिटाचं मात्र लक्ष देऊन वाचा. ६०,००० युनिटचं ते पाकीट डॉक्टर सहसा आठवड्याला एक, असं ८ आठवडे देतात. आठवड्याला, रोज नाही!! ओळखीतल्या एका काकांनी महिनाभर रोज घेतलं, उलट्या, बद्धकोष्ठता, कॅल्शियम भलतंच वाढलं आणि थेट ॲडमिट. मुतखडा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. आणि घ्यायचं ते जेवणानंतर किंवा दुधातून, कारण हे स्निग्ध पदार्थासोबत नीट शोषलं जातं.

खाण्यातून फार मिळत नाही हे खरं. तारली, बांगडा, अंड्याचा पिवळा बलक, बस. नाचणी, तीळ भरपूर खा पण ते कॅल्शियमसाठी, त्यात डी नाही, याची लोक हमखास गल्लत करतात. साध्या दुधातही नगण्यच असतं, डी मिसळलेलं दूध आणि तेल मिळतं, पिशवीवर अधिक चिन्ह आणि एफ छापलेलं असतं ते बघून घ्या.

परत टेस्ट ३ महिन्यांनी, त्याआधी करून पैसे घालवू नका. सासूबाई हल्ली साडेअकराला गच्चीत उन्हाकडे पाठ करून मेथी निवडतात, चहा मात्र अजून साडेसातलाच.